इम्युनोसप्रेसंटमुळे (इम्युनिटी दाबणाऱ्या औषधामुळे) आतड्याला सूज आलीय? प्रोबायोटिकचा सॅशे फोडायच्या आधी आणि नंतर काय करायचं

इंदुरात कुणाचं पोट बिघडलं की सल्ले ठरलेले असतात, आई म्हणते दही-भात खा, काकू बेलाचा मुरंबा आणून देते, आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला न विचारताच प्रोबायोटिकची, म्हणजे पोटासाठीच्या जिवंत जंतूंची, ती छोटी प्लास्टिकची शीशी नाहीतर सॅशे काढून समोर ठेवतो, "ले जाओ भिया, कुछ नुकसान नहीं करता." धडधाकट माणसाला ते चालून जातं. पण किडनी किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट झालेली माणसं, ल्युपसवाले, मायस्थेनियावाले (ज्यांची इम्युनिटी स्वतःच्याच शरीरावर उलटते), थोडक्यात जे इम्युनिटी दाबायला रोज मायकोफेनोलेट, टॅक्रोलिमस, अझाथायोप्रिन, स्टेरॉइड असलं काहीतरी घेतात, त्यांच्या बाबतीत ते "कुछ नुकसान नहीं करता" खरं नाही. आमच्या घरी मिस्टरांचं किडनी ट्रान्सप्लांट झालेलं आहे, त्यामुळे या विषयावर नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) आणि गॅस्ट्रोवाले (पोटाचे) डॉक्टर दोघांचं डोकं मी भरपूर खाल्लंय, आणि ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी "पोट बिघडलंय, प्रोबायोटिक घेऊ का" हेच विचारतं म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून टाकते. माझं म्हणणं एवढंच आहे की या पेशंटमध्ये प्रोबायोटिकचा नंबर शेवटी लागतो, आणि बऱ्याचदा तोवर त्याची गरजच उरत नाही.

औषध आतड्याला नेमकं काय करतं

सगळ्यात जास्त त्रास देणारं म्हणजे मायकोफेनोलेट. ते पेशींची वाढ रोखतं, म्हणून तर रिजेक्शन (शरीराने नवा अवयव नाकारणं) थांबतं, पण आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी सतत नव्या होत असतात, त्यांनाही त्याचा फटका बसतो. शिवाय याचा एक फेरा आहे. लिव्हर या औषधाला एक साखरेचा तुकडा जोडून निष्क्रिय करतं आणि पित्तातून आतड्यात सोडून देतं, तिथे आपल्याच आतड्यातले काही जंतू एका एन्झाइमने तो तुकडा परत तोडतात, की औषध पुन्हा जागं होतं. त्यातलं थोडं रक्तात परत शिरतं आणि थोडं तिथेच अस्तराला चावतं. त्या एन्झाइमचं नाव बीटा-ग्लुकुरोनिडेज. २०१९ मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात व्हँकोमायसिन देऊन हे एन्झाइम बनवणारे जंतू कमी केले तर मायकोफेनोलेटचा पोटाचा त्रास कमी झाला. (हे वाचून कुणी व्हँकोमायसिन आणायला धावू नका, उंदीर तो उंदीर.) सांगायचं कारण असं की आतड्यातले जंतू या भानगडीत प्रेक्षक नाहीत, सामील आहेत, म्हणून "चांगले जंतू टाकले की सूज गेली" इतकं ते सरळ नाही.

टॅक्रोलिमसचं वेगळंच. त्याने स्वतःनेही जुलाब होतात, पण मोठी गोष्ट उलट दिशेची आहे, म्हणजे जुलाब झाले की टॅक्रोलिमसची लेव्हल, म्हणजे रक्तातलं प्रमाण, वर जाते. आतड्याचं अस्तर एरवी हे औषध बऱ्यापैकी तिथल्या तिथे मोडून टाकत असतं, अस्तर सुजलं की ते काम ढिलं पडतं आणि नेहमीच्याच डोसला रक्तात जास्त औषध जातं. मग हात थरथरतात, डोकं दुखतं, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं. पोट बिघडलं तर औषध अंगात कमी जात असेल असं बहुतेकांना वाटतं, इथे नेमकं उलटं होतं.

पहिली पायरी: गोळी स्वतःहून बंद करायची नाही

मायकोफेनोलेट दोन दिवस सोडलं की पोट खरंच बरं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. डोस आपल्या मनाने कमी करणं म्हणजे रिजेक्शनला दार उघडून देणं. डॉक्टरांना फोन करा, त्यांना डोस कमी करायचा असेल तर ते लेव्हल आणि क्रिएटिनिनवर नजर ठेवून करतील. उलटीत गोळी पडली तर परत घ्यायची की नाही हेही त्यांनाच विचारायचं, किती वेळाने पडली त्यावर ते ठरतं.

१००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, संडासात रक्त, लघवी कमी होणं, उभं राहिलं की चक्कर, किंवा पाणी-औषध पोटात टिकतच नाही, यातलं एकही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि सरळ हॉस्पिटलला जा. स्टेरॉइड चालू असलं की ताप आणि पोटदुखी दोन्ही दबून जातात, म्हणून "ताप तर नाही" यावर फार विसंबू नका.

दुसरी पायरी: कारण शोधा, कारण सूज औषधाचीच आहे हे अजून कुणाला माहीत आहे?

इथे वेळ घालवा, पैसेही जातील पण जाऊ द्या. इम्युनिटी दाबलेल्या माणसाचे जुलाब म्हणजे आधी इन्फेक्शन असं धरून चालतात, आणि ते नाही हे दिसल्यावरच औषधावर आळ घेतात. डॉक्टर साधारण या गोष्टी बघतात:

- स्टूल रूटीन आणि कल्चर, त्यासोबत जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा हे परजीवी. शेवटचे दोन साध्या तपासणीत सहज निसटतात, त्यांच्यासाठी वेगळा स्टेन (रंग देऊन तपासणी) किंवा पीसीआर (जंतूच्या जनुकांची तपासणी) लागतो, म्हणून फॉर्मवर तसं लिहून घ्या.
- सी. डिफिसिल या जंतूचं टॉक्सिन (विष), खासकरून आधी अँटिबायोटिक झालेलं असेल किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर.
- सीएमव्ही या व्हायरसची पीसीआर, रक्ताची. आतड्यात सीएमव्ही असूनही रक्तात तो न दिसणं शक्य आहे, त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टर कोलोनोस्कोपी म्हणाले तर हुज्जत घालू नका.
- टॅक्रोलिमस लेव्हल, क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम, सीबीसी. लेव्हलचं रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं असतं, आदल्या रात्रीच्या डोसला बारा तास झाले की. गोळी पर्समध्ये ठेवून लॅबला जायचं, रक्त दिलं की घ्यायची.
- फिकल कॅल्प्रोटेक्टिन, संडासातून आतड्याची सूज मोजणारी टेस्ट. ५० च्या खाली म्हणजे आतड्याला सूज असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर म्हणजे चांगलीच. पण सूज कशाने आली ते ही टेस्ट सांगत नाही, इन्फेक्शननेही आकडा चढतोच.

आणि आपल्याकडे आतड्याचा टीबी विसरून चालत नाही. वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण आहे, उजव्या बाजूला खाली दुखतंय, तर हे स्वतःहून डॉक्टरांना सांगा.

कोलोनोस्कोपी करायचीच झाली तर बायोप्सी (अस्तराचा छोटा तुकडा) घेतली पाहिजे, कारण मायकोफेनोलेटमध्ये वरून आतडं अगदी नॉर्मल दिसतं आणि मायक्रोस्कोपखाली सूज सापडते असंही होतं.

तिसरी पायरी: औषधांची सगळी पिशवी टेबलावर ओता

हे बिनपैशाचं आहे आणि यातून बरंच निघतं. टॅक्रोलिमसने मॅग्नेशियम कमी होतं म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या देतात, त्यांनी जुलाब होतात. ट्रान्सप्लांटनंतर शुगर झाली म्हणून मेटफॉर्मिन सुरू, त्याने जुलाब. गाऊटसाठी कोल्चिसिन, तेच. बीपीची ओल्मेसार्टन नावाची गोळी आहे, ती काही लोकांमध्ये महिने-वर्षं घेतल्यावर सीलिअ‍ॅकसारखे (गव्हाने आतडं बिघडतं तो आजार) जुलाब करते, अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्येच तिच्यावर तशी वॉर्निंग टाकायला लावली, तरी पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. शुगर-फ्री सिरपमधलं सॉर्बिटॉल धरा. आणि दिवाळीत कुणीतरी प्रेमाने दिलेला "इम्युनिटी"वाला काढा, गुळवेल, असलं काही चालू असेल तर तेही डॉक्टरांसमोर ठेवा, लपवू नका. ज्या इम्युनिटीला दाबायला महिन्याला हजारोंची औषधं खातोय तिला वाढवायचा काढा कशाला प्यायचा हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही.

चौथी पायरी: पाणी आणि मीठ

ओआरएसच्या पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या, एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, सगळं एकदम. अर्ध्या ग्लासात अर्धी पुडी टाकून चमच्याने ढवळायचं काम नको, प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शुगर असेल किंवा पाण्यावर मर्यादा असेल तर किती प्यायचं ते विचारून.

नारळपाण्याचं मात्र जपून. त्यात पोटॅशियम भरपूर, टॅक्रोलिमसही पोटॅशियम वर नेतं, आणि किडनी आधीच हळवी. केळ्याचंही तसंच, रिपोर्ट बघून ठरवा. पपनस आणि ग्रेपफ्रूट तर टॅक्रोलिमस चालू असताना कधीच नाही, त्याने लेव्हल चढते.

लोपेरामाइड, म्हणजे ती जुलाब थांबवणारी छोटी गोळी, इन्फेक्शन नाही हे कळेपर्यंत घेऊ नका. ताप किंवा रक्त असेल तर मुळीच नाही.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, शुद्ध करूनच येतं, पण पुढे पाइप आहे, सोसायटीची टाकी आहे, ती शेवटची कधी धुतली ते चेअरमनलाच विचारा. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही, उकळीने मरतो, एक मिनिट खळखळून उकळलं की काम झालं. मिस्टरांचं पाणी आम्ही उकळूनच ठेवतो, घरात आरओ असला तरी.

पाचवी पायरी: डॉक्टर आधी औषधात काय बदल करतात

इन्फेक्शन निघालं तर त्याचा इलाज होतो. काहीच निघालं नाही तर मायकोफेनोलेटचा दिवसाचा डोस दोनाऐवजी तीन-चार भागात वाटून देतात, जेवणाबरोबर घ्यायला सांगतात, थोडे दिवस डोस कमी करतात, किंवा मायकोफेनोलेट मोफेटिल या प्रकारावरून आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या मायकोफेनोलेट सोडियमवर नेतात. बदलताना मिलीग्रॅमचे आकडे सारखे नसतात, मोफेटिलचे १००० म्हणजे सोडियमचे ७२०, हे घरच्यांना माहीत पाहिजे नाहीतर नवी पट्टी बघून घाबरायला होतं. अगदीच नाही जमलं तर अझाथायोप्रिन. जेलुसिलसारखे अँटासिड मायकोफेनोलेटबरोबर एकाच वेळी नको, औषध नीट शोषलं जात नाही. बऱ्याच लोकांचं पोट या पायरीवरच ताळ्यावर येतं.

आता प्रोबायोटिक, पण कोणाला नाही ते आधी

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू किंवा यीस्ट. सुजलेलं, सोललेलं अस्तर म्हणजे कुंपण तुटलेलं शेत, तिथून आतला जंतू रक्तात जाऊ शकतो, आणि त्याला मारायला जी इम्युनिटी लागते ती आपण औषधाने झोपवून ठेवलीय. लॅक्टोबॅसिलस रक्तात सापडल्याच्या, सॅकरोमायसिस बुलार्डी या यीस्टने रक्तात फंगल इन्फेक्शन झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. बॅसिलस क्लॉसीच्याही आहेत, म्हणजे आपली ती एन्टेरोजर्मिनाची शीशी. अशा केसेस थोड्या असतात, पण त्या कोणात होतात ते बघा, बहुतेक आपल्यासारख्यांतच. युरोपात २०१७-१८ मध्ये बुलार्डीच्या औषधांवर नियमच बदलला, की इम्युनिटी दाबलेल्या, गंभीर आजारी किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असलेल्या पेशंटला द्यायचं नाही. सेंट्रल लाइन किंवा डायलिसिसचा कॅथेटर असलेल्या माणसाच्या शेजारी बसून सॅशे फोडलं तरी धोका, पावडर हवेत उडते, हाताला लागते, तिथून लाइनवर. घरात दुसऱ्या कुणासाठीही ते आणलं असेल तर दुसऱ्या खोलीत फोडा आणि हात धुवा.

नेदरलँड्समधली एक मोठी ट्रायल २००८ मध्ये छापून आली, तीव्र पॅन्क्रिअ‍ॅटायटिसच्या (स्वादुपिंडाच्या सुजेच्या) पेशंटना प्रोबायोटिक दिलं होतं. ज्यांना दिलं त्यांच्यात १६ टक्के दगावले, ज्यांना नाही त्यांच्यात ६ टक्के. ते पेशंट आपल्यासारखे नव्हते हे खरं, पण "नुकसान करतच नाही" म्हणणाऱ्याला एवढं एक उदाहरण पुरे.

तर यांनी घ्यायचं नाही: ट्रान्सप्लांटचे पहिले महिने, जेव्हा औषधांचे डोस सगळ्यात जास्त असतात, रिजेक्शनचा इलाज नुकताच झालाय, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी आहेत, कुठलीही लाइन किंवा कॅथेटर लावलेला आहे, हृदयाची झडप खराब किंवा बदललेली आहे, तोंडात किंवा आतड्यात जखमा आहेत, संडासात रक्त आहे, आणि ताप चालू आहे. म्हणजे खरी जोरात सूज असते तेव्हाच प्रोबायोटिक सगळ्यात धोक्याचं, आणि लोक नेमकं तेव्हाच घेतात.

कोणाला विचार करता येतो, आणि कोणतं

औषधाचा डोस स्थिर होऊन बराच काळ गेलाय, इन्फेक्शन नाही, रक्त नाही, पण पोट अजून पूर्ण रुळलेलं नाही किंवा अँटिबायोटिकचा कोर्स चालू झालाय, अशा वेळी तुमचे ट्रान्सप्लांटचे किंवा र्‍हुमॅटॉलॉजीचे (सांधे-ल्युपसवाले) डॉक्टर हो म्हणाले तर. फॅमिली डॉक्टरांचा हो पुरेसा नाही, वाईट वाटून घेऊ नका.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. प्रोबायोटिकचा बऱ्यापैकी पुरावा आहे तो अँटिबायोटिकने होणारे जुलाब टाळण्यासाठी. मायकोफेनोलेटने आलेल्या सुजेवर ते काम करतं असं माणसांवरच्या कुठल्या मोठ्या ट्रायलने दाखवलेलं नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या गॅस्ट्रो डॉक्टरांच्या संघटनेने आपली गाइडलाइन काढली तेव्हा पोटाच्या बहुतेक आजारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस केली नाही. आणि इस्रायलमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांचे स्वतःचे मूळ जंतू परत बसायला उलट जास्त वेळ लागला.

पाकिटावर बघायचं ते असं. नावाचे तीन भाग हवेत, जसं लॅक्टोबॅसिलस र्‍हॅम्नोसस जीजी, नुसतं "लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस" लिहिलेलं म्हणजे आत नक्की कोण बसलंय ते कळत नाही. (२०२० मध्ये शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलसचं कुटुंबच तोडून वेगवेगळी नावं दिली, त्यामुळे लॅक्टिकेसिबॅसिलस असं काही दिसलं तर दचकू नका.) सीएफयूचा (जिवंत जंतूंचा) आकडा एक्स्पायरीपर्यंतचा आहे की बनवतानाचा ते बघा. एकच स्ट्रेन (जंतूची ठरावीक जात) असलेलं बरं, दहा-बारा जंतूंची मिसळ नको, काही झालं तर कुणावर बोट ठेवणार? बुलार्डी आपल्यासाठी नाहीच. शिवाय ते यीस्ट असल्यामुळे फ्लुकोनॅझोल हे फंगसचं औषध चालू असेल तर मरून जातं, म्हणजे पैसेही पाण्यात. बॅसिलसचे स्पोर (कवचात झोपलेले जंतू) उन्हाळ्यात टिकतात, पण लॅक्टोबॅसिलसवाली बरीचशी औषधं फ्रिजचा माल आहे, आणि मे महिन्यात दुकानदाराने ती काउंटरवर ठेवलेली असतील तर परत करा.

घ्यायचं कसं

सुरुवात अशा आठवड्यात करा जेव्हा लग्न-प्रवास काही नाही आणि दुसरं कुठलं नवं औषध सुरू झालेलं नाही, नाहीतर कशाने काय झालं ते समजत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या कमी डोसपासून, खोलीच्या तापमानाच्या पाण्यात, गरम दुधात नाही. अँटिबायोटिक आणि हे यात दोन तास अंतर. इसबगोल घेत असाल तर तेही बाकी औषधांपासून दोन तास लांब. एका वहीत रोज किती वेळा जावं लागलं, कसं होतं, वजन, ताप एवढंच लिहा. सुरुवातीला गॅस होतो, पोट फुगतं, ते चालतं. दोन ते चार आठवड्यांत वहीत फरक दिसला नाही तर बंद. जन्मभर चालू ठेवायची ही गोष्ट नाही, पण एकदा सुरू झालं की घरात कुणी बंद करायचं नावच घेत नाही, सांभाळा.

दही, ताक आणि पंचामृत

घरचं दही चालतं, आमच्या डॉक्टरांनी हो म्हटलंय, तुम्ही तुमच्यांना विचारा. पॅकेटचं पाश्चराइज्ड दूध, ते उकळून, विरजण ताज्या सीलबंद दह्याच्या कपातलं, शेजारच्या वहिनींच्या भांड्यातलं नाही. भांडं उकळत्या पाण्याने धुतलेलं, लागलं की फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशीच संपवायचं. जुलाबानंतर थोडे दिवस दूध पचत नाही पण दही पचतं, कारण त्यातली दुधाची साखर जंतूंनी आधीच बरीच खाल्लेली असते. दह्यातल्या जंतूंचा डोस मोजलेला नसतो, तेव्हा त्याला जेवण समजा, औषध नाही. कढी उकळली की जंतू मेले, ती चवीसाठी, आणि मऊ भाताबरोबर पोटाला फार बरी.

गाजराची कांजी, घरचा कोम्बुचा, बाहेरची शिकंजी, उघड्यावरचं ताक हे सगळं बाद. सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायचंच असेल तर कढईतून थेट प्लेटमध्ये येणारं खा, वरची चटणी, कच्चा कांदा आणि पाणीपुरीचं पाणी सोडून द्या. पोहे घरचे गरम, वर सेव आपली. आणि गणपतीतलं पंचामृत, ते बहुतेक घरी कच्च्या दुधाचंच असतं, तर हातावर घेऊन डोळ्याला लावायचं आणि हळूच पुसून टाकायचं, देवाला समजतं, सासूबाईंना मी समजावलं.

ताप आला तर

प्रोबायोटिक चालू असताना किंवा बंद करून थोडेच दिवस झाले असताना ताप किंवा थंडी वाजली तर पहिलं काम ते बंद, दुसरं काम हॉस्पिटल, आणि तिथे कॅज्युअल्टीत पोचल्या पोचल्या सांगायचं की हे-हे प्रोबायोटिक चालू होतं, पाकीटच दाखवायचं. याचं कारण, ब्लड कल्चरमध्ये बॅसिलस किंवा लॅक्टोबॅसिलस उगवला तर लॅबवाले बऱ्याचदा तो बाहेरून मिसळला असेल असं धरून सोडून देतात, आणि यीस्टसाठी तर औषधच वेगळं लागतं. हे त्यांना आधी माहीत असलं तर रिपोर्टकडे वेगळ्या नजरेने बघतात. मी ते रिकामं पाकीट औषधांच्या फाइलमध्येच पिनने लावून ठेवते, स्ट्रेनचं नाव असलेली बाजू वर करून.